शरीरातील धातू आणि चुंबकाची खोली
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आरोग्यविषयक चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकी केली, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा औषधपाण्याच्या वाटेस न जाता, ज्याचे मूळ शाळेतील विज्ञानाच्या तासात आणि आपल्या वडिलोपार्जित धंद्यात सापडते, असा विषय आम्ही निवडला आहे. तो विषय म्हणजे लोखंड आणि लोहचुंबक. आपण लोहार समाजाची माणसे. ऐरण, घण आणि भाता ह्यांवर आपल्या पूर्वजांनी संसार चालविले. लोखंडाचा स्वभाव आपणांस कोणी नव्याने शिकवावा असे नाही. परंतु हेच लोखंड, किंवा त्याचा एखादा जातभाई, आज आपल्या घरोघरच्या माणसांच्या शरीरात जाऊन बसला आहे. आणि ज्या यंत्राने शरीराच्या अंतर्भागाचे चित्र घेतात, ते एमआरआय यंत्र म्हणजे एक प्रचंड लोहचुंबकच होय. ह्या दोहोंची गाठ पडते तेव्हा काय घडते, त्यातील कोणते भय खरे व कोणते खोटे, आणि घरच्या माणसांनी काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पूर्वी हाड मोडले तर गावचा हाडवैद्य बांबूच्या कांबी लावून पट्टा बांधीत असे. नशिबाने हाड सरळ जुळले तर ठीक, न जुळले तर माणूस जन्मभर लंगडत असे. आता ते दिवस राहिले नाहीत. पुणे-बंगळूर महामार्गावर मोटारसायकलीचा अपघात होतो, उसाच्या हंगामात ट्रॉलीखाली पाय सापडतो, आणि चार दिवसांत मांडीत सळई अथवा नळीच्या हाडावर पट्टी व स्क्रू घालून मनुष्य घरी येतो. वृद्धांचे झिजलेले गुडघे बदलतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी, ज्यास स्टेंट म्हणतात, ती बसवितात. हृदयाची गती मंदावली तर पेसमेकर बसवितात. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या कानामागे, कातडीखाली, कॉक्लिअर इम्प्लांट नावाचे यंत्र बसवितात. आपल्या भागास ह्या विद्येचे वावडे कधीच नव्हते. डॉक्टर विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून मिरजेचे नाव दूरवर गेले. पुढे १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि १९८४ मध्ये कऱ्हाडास कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंतचे रुग्ण मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा येथे जातात आणि बरे होऊन येतात. शरीरात धातू असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

आता यंत्राकडे वळू. एमआरआय ह्या यंत्रात क्ष-किरण नसतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. आपल्या शरीराचा फार मोठा भाग पाण्याचा आहे, आणि पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन आहे. हायड्रोजनचे अणुकेंद्र एखाद्या इवल्याशा चुंबकसूचीप्रमाणे वागते. रुग्णास बलाढ्य चुंबकाच्या बोगद्यात निजविले म्हणजे ह्या असंख्य सूच्यांपैकी काही चुंबकाच्या दिशेस अनुसरून उभ्या राहतात. मग रेडिओच्या लहरी सोडून त्यांना किंचित डिवचतात. लहरी थांबल्या की त्या सूच्या पुन्हा मूळ स्थितीस येतात, आणि येताना स्वतः बारीकसा संकेत देतात. हा संकेत पकडून गणकयंत्र चित्र तयार करते. मेंदू, मज्जारज्जू, सांध्यातील कूर्चा असे जे मऊ भाग क्ष-किरणांच्या छायाचित्रात नीटसे उमटत नाहीत, ते येथे स्पष्ट दिसतात. अशा रीतीने प्रतिमा काढण्याची वाट अमेरिकेतील पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ मध्ये दाखविली, इंग्लंडमधील पीटर मॅन्सफिल्ड ह्यांनी ती पुढे नेली, आणि त्या दोघांस २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा चुंबक केवढा म्हणावा? चुंबकाचे बळ टेस्ला ह्या मापाने मोजतात. ज्या पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, त्याच्या सुमारे ३०,००० पट बळ दीड टेस्लाच्या यंत्रात असते. आणि तीन टेस्लाच्या यंत्रात त्याच्याही दुप्पट. आम्ही वर्गात कागदावर लोखंडाचा कीस पसरून खालून चुंबक फिरवीत असू, तेव्हा मुले टाळ्या पिटीत. तोच खेळ येथे आहे. परंतु कीस जाऊन त्याच्या जागी कात्री, स्ट्रेचर आणि सिलिंडर आले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, हा चुंबक कधीही झोपत नाही. त्याची तारेची वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअस इतक्या थंड द्रवरूप हेलियममध्ये बुडविलेली असतात व त्यांतून वीज अखंड वाहत असते. पाहणी चालू असो वा नसो, आवाज येवो वा न येवो, रात्र असो वा दिवस, चुंबक जागाच असतो. "यंत्र बंद आहे" ह्या शब्दांवर विसंबून कोणीही त्या खोलीत धातू नेऊ नये.

हे आम्ही भय घालण्यासाठी सांगत नाही. आपल्याच राज्यात घडलेल्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील कर्करोग संशोधन केंद्रात प्राणवायूचा सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि दोन कर्मचारी सिलिंडर व यंत्र ह्यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात तर ह्याहून भयंकर घडले. नातेवाइकाच्या तपासणीसाठी आलेला एक तरुण प्राणवायूचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरासह त्यास ओढून घेतले, आणि तो प्राणास मुकला. तो रुग्ण नव्हता, सोबतीला आलेला होता. म्हणून आमचे सांगणे रुग्णाइतकेच सोबत्यासही आहे.

हे झाले शरीराबाहेरील धातूविषयी. शरीराच्या आतील धातूचे काय? त्यावर चुंबकाच्या खोलीत चार प्रकारचे परिणाम संभवतात. पहिला ओढीचा व पिळाचा: धातू लोहचुंबकीय जातीचा असला तर तो सरकू किंवा वळू पाहतो. दुसरा उष्णतेचा: रेडिओलहरींमुळे लांब तारेसारख्या धातूत वीज खेळते व तिचे टोक तापते. तिसरा बिघाडाचा: ज्या उपकरणात बॅटरी, चुंबक वा विद्युत्-मंडल आहे, त्याची चाल बिघडू शकते. चौथा चित्राचा: धातूच्या आसपास चित्रात काळा डाग पडतो आणि तेथील भाग नीट दिसत नाही. ह्यांपैकी चौथ्या परिणामाने रुग्णास काहीही इजा होत नाही. ज्याचा गुडघा बदलला आहे त्याच्या त्याच गुडघ्याचे चित्र अस्पष्ट येईल. पण त्याच्या मेंदूचे किंवा मानेचे चित्र उत्तम येईल.

आता आपल्या धंद्यातील माणसास सहज पटेल अशी गोष्ट. सगळे लोखंड चुंबकास चिकटते, पण सगळे पोलाद चिकटत नाही. भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढून स्टेनलेसचे भांडे पारखते, हे आपण पाहिले आहे. ज्या पोलादात क्रोमियम व निकेल योग्य प्रमाणात मिसळलेले असतात, ते चुंबकास फारसे जुमानत नाही. हाडांसाठी वापरावयाचे पोलाद ह्याच जातीचे असते. टायटॅनियम तर चुंबकाला ओळखही दाखवीत नाही म्हटले तरी चालेल. गुडघ्याच्या व खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत कोबाल्ट-क्रोमचा मिश्रधातू, टायटॅनियम आणि एक प्रकारचे प्लॅस्टिक वापरतात. शिवाय सळई किंवा पट्टी हाडाला स्क्रूंनी घट्ट जखडलेली असते, आणि काही काळाने हाडच तिला धरून ठेवते. म्हणून पायात सळई आहे, गुडघा बदलला आहे, एवढ्याच कारणाने एमआरआय होत नाही ही समजूत बहुतांशी खरी नव्हे. हृदयातील आजकालच्या स्टेंटविषयीही हेच म्हणता येईल. मोतीबिंदूनंतर डोळ्यात घातलेले भिंग प्लॅस्टिकच्या जातीचे असते. दातांत भरलेला मसाला व पक्की टोपी ह्यांनी चित्र थोडे बिघडेल, माणूस बिघडत नाही. मात्र काढती कवळी काढून ठेवावी. स्त्रियांना बसविलेल्या तांबीतील धातू तांबे असतो, तेव्हा तिचीही सहसा अडचण येत नाही. मात्र ती आहे हे सांगावे.

असे असता खोट्या भयाने किती नुकसान होते पाहा. वृद्धेच्या दोन्ही पायांतील शक्ती हळूहळू जाऊ लागते, डॉक्टर मज्जारज्जूवर दाब आहे काय हे पाहण्यासाठी एमआरआय सांगतात, आणि घरातील कोणी शहाणा म्हणतो, "हिच्या खुब्यात लोखंड आहे, यंत्र ओढून घेईल, नको ते." महिना जातो, दोन महिने जातात. दाब वाढतो आणि जी चालत रुग्णालयात गेली असती, ती अंथरुणास खिळते. लोखंडाने तिचे काही केले नसते. न तपासण्याने केले. जाणकारास न विचारता घरच्या घरी निकाल देणे हा यातील खरा दोष.

पण ह्याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगितली पाहिजे. कारण काही वस्तू खरोखरच धोक्याच्या आहेत. पहिली म्हणजे पेसमेकर व हृदयास झटका देऊन सावरणारे त्याच जातीचे यंत्र. पूर्वी पेसमेकर असलेल्यास एमआरआय सरसकट वर्ज्य मानीत. पुढे अटींसह एमआरआय चालेल असे पेसमेकर निघाले; अमेरिकेत अशा पहिल्या पेसमेकरास २०११ मध्ये मान्यता मिळाली. परंतु येथे एक मख्खी आहे. पेसमेकर म्हणजे केवळ कातडीखालची डबी नव्हे; डबी आणि हृदयात गेलेल्या तारा मिळून पेसमेकर होतो. बॅटरी संपली म्हणून डबी नवी बसविली, पण तारा जुन्याच राहिल्या, तर "आमचा पेसमेकर नवा आहे" हे म्हणणे अर्धेच खरे ठरते. ज्यांचा पेसमेकर चालण्याजोगा असेल त्यांनाही हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणीपूर्वी त्याची मांडणी बदलून घ्यावी लागते आणि नंतर ती पूर्ववत करून घ्यावी लागते.

दुसरी वस्तू मेंदूतील चिमटा. मेंदूच्या रक्तवाहिनीस फुगा आला असता त्याच्या मुळाशी धातूचा लहानसा चिमटा लावतात. जुन्या काळच्या काही चिमट्यांचे पोलाद चुंबकीय होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत असा चिमटा यंत्राजवळ सरकून एक रुग्ण दगावल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. आताचे चिमटे बहुधा टायटॅनियमचे असतात. पण आपल्या माणसाचा कोणता, हे कागदावाचून कळावयाचे नाही. तिसरी वस्तू कॉक्लिअर इम्प्लांट. त्यात स्वतःचाच एक चुंबक कातडीखाली असतो. काहींत तपासणीपूर्वी पट्टा आवळून बांधावा लागतो, काहींत तो चुंबक काढावा लागतो, तर काही नव्या प्रकारांत तो आपला आपण वळतो. चौथी, मेंदूतील पाणी उतरविणारी नळी. तिची झडप बाहेरून चुंबकाने कमीजास्त करता येण्याजोगी असेल, तर एमआरआयनंतर ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. हाड जुळविण्यासाठी पायाबाहेर कड्या व सळ्यांचा सांगाडा लावलेला असेल, तर त्याविषयीही विचारल्यावाचून खोलीकडे पाऊल टाकू नये.

ह्या सर्व वस्तूंची तीन वर्गांत विभागणी करणाऱ्या खुणा २००५ मध्ये ठरविण्यात आल्या. हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित. पिवळा त्रिकोण म्हणजे अटींवर सुरक्षित. लाल वर्तुळात तिरपी रेघ म्हणजे असुरक्षित. शरीरात बसविलेल्या धातूच्या वस्तू बहुधा मधल्या, म्हणजे पिवळ्या वर्गात पडतात. ह्याचा अर्थ असा की, अमुक बळाच्या यंत्रात, अमुक इतका वेळ, अमुक मर्यादेतच लहरी सोडून तपासणी करावी. त्या अटी कोणत्या हे वस्तूच्या नावावरून व क्रमांकावरून रुग्णालयातील माणसे पाहू शकतात. म्हणजे सारा प्रश्न अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबतो: वस्तू कोणती, हे सांगता येते की नाही?

आता आपल्या समाजास विशेष लागू पडणाऱ्या दोन गोष्टी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपल्या भागात किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. अशा कारखान्यांच्या काळात भात्यापुढून उठून लेथपुढे उभी राहिलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. लेथ, ग्राइंडर, छिन्नी, वेल्डिंग ह्यांचे काम करताना डोळ्यात कण जाणे आपल्यास नवे नाही. "कण गेला, पाण्याने धुतला, संपले" असे आपण म्हणतो. परंतु एखादा बारीक पोलादी कण डोळ्याच्या आत रुतून बसलेला असू शकतो, आणि वर्षानुवर्षे त्याची जाणीवही होत नाही. चुंबकाच्या खोलीत तो हलला तर डोळा जातो. अशा प्रकारे एका रुग्णाचा डोळा गेल्याची नोंद १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. म्हणून ज्याने कधी काळी धातूवर काम केले आहे व ज्याच्या डोळ्यास धातूची इजा झाली आहे, त्याने ते आपण होऊन सांगावे. एमआरआयपूर्वी डोळ्यांचा साधा क्ष-किरण फोटो काढला की शंका फिटते. दुसरी गोष्ट सैनिकांची. सातारा जिल्हा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हाच शब्द लागला आहे. ज्यांच्या अंगात गोळ्याचे वा सुरुंगाचे तुकडे राहिले आहेत, त्यांनी तो अभिमानाचा विषय समजून सांगावा, जुनी गोष्ट समजून गिळू नये.

भगिनींना थोडे वेगळे सांगावयाचे आहे. सोने व शुद्ध चांदी चुंबकास चिकटत नाही, म्हणून मंगळसूत्र काढण्याचे कारण काय, असे विचारले जाते. दागिन्यात कोणती मिसळ आहे हे बाहेरून कळत नाही, आणि चिकटला नाही तरी लहरींनी तापून तो त्वचा भाजू शकतो, हे त्याचे कारण. मंगळसूत्र, नथ, जोडवी, पैंजण घरीच विश्वासू माणसाजवळ ठेवून जावे; सौभाग्य दागिन्यात नसते, तपासणी निर्विघ्न होऊन माणूस घरी परत येण्यात असते. मंगळसूत्रास किंवा बांगडीस अडकविलेली टाचणपीन व केसांतील आकडे तर खास लोखंडी. ते विसरतात आणि तेच उडतात. जरीच्या काठाची साडी नको. रुग्णालयाचे साधे सुती कपडे घालावेत. काजळ व डोळ्यांचे रंग पुसून टाकावेत. पुरुषांनी शनीच्या पीडेसाठी घातलेली घोड्याच्या नालेची अंगठी, हातातील लोखंडी कडे व ताईत काढावा. श्रवणयंत्र, घड्याळ, मोबाइल, किल्ल्या, पट्टा, बँकेचे कार्ड, सुटे पैसे ह्यांस आत प्रवेश नाही. अंगावर औषधाची चिकटपट्टी असेल तर तीही दाखवावी, कारण काहींच्या पाठीस धातूचा पातळ पत्रा असतो. गोंदण असल्यास सांगावे. यंत्रात निजल्यावर हात एकमेकांस किंवा उघड्या मांडीस चिकटवून ठेवू नयेत. कातडीला कातडी लागून वेटोळे झाले तर तेथे भाजते. हातात दिलेला रबरी गोळा हा शोभेचा नव्हे. अंगात कोठे गरम वाटले, ओढल्यासारखे वाटले, तर तो तत्काळ दाबावा; "थोडे सोसू" असे म्हणू नये.

ज्ञातिबंधूंनो, आता थोडे कटू बोलावयाचे आहे, त्याची क्षमा असावी. तपासणीपूर्वी एक छापील कागद भरून घेतात. पुष्कळदा तो इंग्रजीत असतो. सोबत आलेला पुतण्या घाईत असतो. तो वीस प्रश्नांपुढे वीस वेळा 'नाही' अशी खूण करतो आणि आजोबांचा अंगठा उमटवून घेतो. आजोबांच्या छातीत काय आहे हे त्यास ठाऊक नसते, आणि आजोबांस काय विचारले हे ठाऊक नसते. आमची विनंती आहे की, प्रत्येक प्रश्न मराठीत मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगावे. ह्यात लाज वाटण्याचे कारण नाही. प्रश्न समजल्यावाचून सही करणे ह्यातच खरी हानी आहे.

ह्याहून अवघड गोष्ट लपविण्याची. मुलीच्या हृदयाची झडप लहानपणी बदलली आहे, वाकलेल्या कण्यास सळया घातल्या आहेत, किंवा कमी वयातच पेसमेकर बसवावा लागला आहे, हे सोयरीक जुळविताना सांगितले तर स्थळ मोडेल, म्हणून आईबाप गप्प राहतात. मुलीसही गप्प राहण्याची शपथ घालतात. पुढे सासरी ती अपघाताने वा आजाराने बेशुद्ध पडते. तिला रुग्णालयात नेणारी सासू आणि नवरा डॉक्टरांना काय सांगणार? "तिला काही नाही," असेच सांगणार. कारण त्यांना तेवढेच ठाऊक आहे. माहेरच्यांनी जपलेले गुपित तेथे तिच्या जिवावर उठते. आम्ही विवाहसूचीचे काम अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. दोन-चार घरी आम्ही असेही पाहिले की, मुलाकडील मंडळींस सर्व खरे सांगितले, त्यांनी चार दिवस विचार केला, आणि विवाह आनंदाने झाला. काही ठिकाणी स्थळ मोडलेही. परंतु जे घर धातूच्या एका सळईसाठी मुलगी नाकारते, ते घर तिच्या पुढल्या आजारपणात तिला कसे वागविणार होते, ह्याचाही विचार आईबापांनी करावा. ज्ञातीने शरीरातील धातूस व्यंग मानणे सोडले, तर लपविण्याचे कारणच उरणार नाही. हे काम कायद्याचे नव्हे, रुग्णालयाचे नव्हे. ते आपल्यासारख्या मंडळांचेच आहे.

आता अखेरची आणि सर्वांत सोपी गोष्ट: कागद. आपण सातबारा, खाते-उतारा, जुनी खरेदीखते लोखंडी पेटीत कुलपाखाली ठेवतो. अर्ध्या गुंठ्याच्या बांधाचा कागद तीन पिढ्या जपतो. पण लाखभर रुपये देऊन जी वस्तू शरीरात बसवून घेतली, तिचा कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी वस्तूच्या वेष्टनावर लहान चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कारखान्याचे नाव, वस्तूचा प्रकार व क्रमांक छापलेला असतो. त्यांतील एक चिकटपट्टी आपल्या कागदांवर लावून घ्यावी, आणि पेसमेकरसारख्या वस्तूचे ओळखपत्र मागून घ्यावे. रुग्णालये कागद जन्मभर ठेवीत नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णाची नोंद तीन वर्षे जपावी आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावी, असे सांगितले आहे. म्हणजे मागण्याचा हक्क आहे, पण वेळ मर्यादित आहे. घरी येतानाच मागावे. विटे-खानापूरकडील गलाईवाल्यांप्रमाणे आपलीही मुले मुलखोमुलखी पांगली आहेत. दूरच्या प्रांतात शस्त्रक्रिया झाली आणि कागद तेथेच राहिला, असे होऊ देऊ नये.

आणि कृष्णाकाठच्या आपल्या बांधवांना पुराचे काय सांगावे? २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीतील घरांतून काय काय वाहून गेले व भिजून लगदा झाले, ते आपण डोळ्यांनी पाहिले. म्हणून कागद एकाच पेटीत ठेवू नये. त्याचे छायाचित्र घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावे, आणि एक झेरॉक्स दुसऱ्या गावच्या नातलगाकडे असावी. कागद खरोखरच गेला असेल तर निराश होण्याचे कारण नाही. क्ष-किरणाच्या फोटोत वस्तूचा आकार दिसतो, त्यावरून जाणकारांना पुष्कळ कळते. आणि एमआरआय शक्यच नसेल तर सीटी स्कॅनसारख्या अन्य मार्गांचा विचार डॉक्टर करतात. पण त्यांनी अंधारात चाचपडावे आणि आपण मौन धरावे, हे योग्य नव्हे.

ह्या बाबतीत मंडळास आमची एक सूचना आहे. मंडळाने खिशात मावेल असे जाड कागदाचे मराठी कार्ड छापून प्रत्येक सभासद-कुटुंबास द्यावे. त्यावर रकाने थोडेच असावेत: नाव, कोणती वस्तू, शरीराच्या कोणत्या भागात, कोणत्या साली, कोणत्या रुग्णालयात, कारखान्याचे नाव व क्रमांक, आणि डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता काय. हे कार्ड ज्याचे त्याच्याजवळ राहावे. मंडळाच्या दप्तरात त्याची नोंद करू नये व विवाहसूचीशी त्याचा संबंध जोडू नये, म्हणजे कोणासही संकोच वाटणार नाही. घरात निदान दोघांना ते कार्ड कोठे आहे हे ठाऊक असावे, आणि सून असल्यास त्या दोघांत एक तिचा नवरा असावा. छपाईचा खर्च फार नाही. सत्काराच्या दोन शाली कमी केल्या तरी तो भागेल, असे आम्ही अध्यक्षमहाराजांची क्षमा मागून म्हणतो.

लोखंड तापले असता त्यावर घण घालावा, हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकविले. आज येथून घरी गेल्यावर प्रथम एवढेच करावे: घरातील ज्या ज्या माणसाच्या शरीरात धातू आहे, त्याचे नाव काढावे, त्याच्यापाशी बसावे, आणि कागद शोधावयास लागावे. सापडला तर छायाचित्र काढून ठेवावे. न सापडला तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे चौकशी करावी.